बडोद्याच्या घड्याळावर व्हिएन्नाचे चार दिवस

अडीच वर्षांचे मूल आणि किशोरवयाची मुले यांना एकाच वेळी घेऊन युरोपातील एखादे शहर पाहायचे ठरले, की घरात पहिली चर्चा 'काय काय पाहायचे' याची सुरू होते. माझ्या मते पहिला प्रश्न 'धाकटे केव्हा झोपते' हा असावा आणि त्याचे उत्तर कागदावर लिहूनच पुढची आखणी करावी. आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघे, सोळा वर्षांचा थोरला, तेरा वर्षांची मधली आणि अडीच वर्षांची धाकटी, मे महिन्यात चार रात्रींसाठी व्हिएन्नाला गेलो होतो. त्या चार दिवसांत जे जमले ते मुख्यतः एका निर्णयामुळे जमले, म्हणून तोच आधी सांगते.

उन्हाळ्यात व्हिएन्नाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. बडोद्यात धाकटी सकाळी सातला उठते, दुपारी दीड ते साडेतीन झोपते आणि रात्री दहाला अंथरुणावर जाते. हाच दिनक्रम व्हिएन्नाच्या वेळेत मांडला, तर ती पहाटे साडेतीनला उठणार, सकाळी दहा ते बारा झोपणार आणि संध्याकाळी साडेसहाला रात्रीची झोप घेणार. दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम असेल तर मुलाला नव्या वेळेची सवय लावणे योग्यच आहे. चार दिवसांच्या मुक्कामात मात्र तो खटाटोप करू नये, कारण सवय लागते न लागते तोच परतीचे विमान येते आणि मधले सगळे दिवस चिडचिडीत जातात. आम्ही तिला तासभर सरकू दिले, त्यापलीकडे आग्रह धरला नाही. त्यामुळे पहाट तिची झाली. साडेदहानंतरची तिची झोप नेमकी संग्रहालये उघडी असण्याच्या वेळेत आली. संध्याकाळी साडेसातनंतरचा वेळ आळीपाळीने आमच्यापैकी एकाला मोठ्या मुलांसाठी पूर्ण मोकळा मिळाला.

हे गणित ऋतूवरही अवलंबून असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास मूल पहाटे अडीचला उठेल आणि बाहेर काळोख व गारठा असेल. मे महिन्यात तिथे पाच-सव्वापाचला उजाडते, दुपारी हलका स्वेटर पुरतो आणि आपल्या शाळांनाही सुट्टी असते. मात्र मे-जूनमध्ये ऑस्ट्रियात १ मे आणि त्यानंतरचे ख्रिस्ती सण मिळून बऱ्याच सार्वजनिक सुट्ट्या येतात व त्या दिवशी दुकाने बंद असतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी तिथले सुट्ट्यांचे कॅलेंडर पाहावे. शहर एकच निवडावे. 'व्हिएन्नाहून प्राग जवळच आहे' असे सांगणारे हितचिंतक भेटतील. त्यांचे ऐकल्यास सामान बांधण्यात आणि आगगाडीत एक अख्खा दिवस जातो.

व्हिसाचे काम तीन महिने आधी हाती घ्यावे. शेंगेन, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो, परंतु उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणेच अवघड होते. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहा वर्षांखालील मुलांना काहीच नाही. आमची तेरा वर्षांची मुलगी या हिशेबात प्रौढच धरली गेली, त्यामुळे चौघांचे ३६० युरो आणि वर व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क भरावे लागले. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. मोठ्या मुलांचे घेतात, म्हणून ठशांसाठी अहमदाबादला जायचा दिवस त्यांच्या परीक्षा आणि क्लास पाहून ठरवावा. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. लहान मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असल्यामुळे घरात सर्वांत आधी त्यांचीच मुदत संपत आलेली असते, हे विसरू नये. जन्मदाखले, शाळेचे रजेचे पत्र आणि दोन्ही पालकांची संमती एका फाइलमध्ये ठेवावी. धाकटीचा फोटो स्टुडिओत काही केल्या निघेना, तेव्हा तिला घरीच पांढऱ्या चादरीवर निजवून खिडकीच्या उजेडात वरून काढला आणि तो चालला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर प्रवेश-निर्गमनाची नवी डिजिटल नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे विमानतळावरील रांगेसाठी मुलाचा खाऊ आणि पाणी सामानात खोल न ठेवता हाताशी ठेवावे.

राहण्यासाठी हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र आणि दार बंद होणारी स्वतंत्र झोपण्याची खोली असलेले घर घ्यावे. ती खोली महत्त्वाची आहे, कारण धाकटे साडेसातला झोपल्यावर बाकीच्यांना दिवा लावून जेवता आले पाहिजे. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर 'मेझानिन' नावाचा आणखी एक मजला असतो, आणि कित्येकदा त्याच्याही खाली उंच तळमजला असतो. त्यामुळे जाहिरातीतला 'पहिला मजला' प्रत्यक्षात दोन-तीन जिने वर निघतो. म्हणून मजला न विचारता 'लिफ्ट आहे का, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला पायऱ्या आहेत का' असे विचारावे. आम्ही वीन मिटे स्थानकाजवळ राहिलो आणि ही निवड मी कोणालाही सुचवीन. विमानतळावरून तिथे एस ७ ही उपनगरी गाडी सुमारे पंचवीस मिनिटांत येते, यू ३ आणि यू ४ या दोन मेट्रो मार्गिका तिथे मिळतात आणि श्टाटपार्क ही बाग, तिच्यातील मुलांच्या खेळाच्या जागेसह, चालण्याच्या अंतरावर आहे. मे महिन्यात रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. खिडक्यांचे पडदे पातळ असले तर मूल झोपत नाही, म्हणून घरून एक गडद रंगाची जाड चादर आणि कपड्यांचे आठ-दहा चिमटे न्यावेत. सगळ्या सामानात या चिमट्यांचा उपयोग आम्हाला सर्वाधिक झाला.

आता सरावाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हा भाग बहुतेकांकडून राहून जातो. बडोद्यात आपली मुले कडेवर, स्कूटरवर किंवा गाडीत वाढतात. बाबागाडीत बसून फिरण्याची आणि तीत झोपण्याची सवय त्यांना नसते, कारण आपल्या रस्त्यांवर ती चालवायला जागाच नाही. व्हिएन्नात मात्र सकाळची झोप बाबागाडीतच व्हायची होती. म्हणून प्रवासाच्या तीन आठवडे आधीपासून आम्ही एक दिवसाआड सकाळी कमाटीबागेत जाऊ लागलो. पाठ पूर्ण मागे झुकेल अशी, पण घडी घालून एका हाताने उचलता येईल अशी हलकी गाडी घेतली. पहिल्या दिवशी धाकटी पट्ट्यातून खांदे सोडवून उभीच राहिली. दुसऱ्या खेपेस बसली, पण गाडी थांबली की रडू लागली. चौथ्या-पाचव्या खेपेला आजीची जुनी मऊ सुती साडी गाडीच्या छतावरून पडद्यासारखी सोडली, तेव्हा आतल्या अंधारात साडीचा काठ मुठीत धरून ती झोपली. ती साडी मग व्हिएन्नालाही आली.

त्याच बागेतील बडोदा संग्रहालयात मोठ्या मुलांचाही सराव झाला. तिथे देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे आणि चित्रदालनात महाराजा सयाजीरावांच्या काळात जमवलेली युरोपीय चित्रे आहेत. दोघांना सांगितले, की दीड तास आहे, प्रत्येकाने फक्त तीन वस्तू निवडून नीट पाहायच्या आणि बाहेर आल्यावर आम्हाला दाखवायला न्यायच्या. किशोरवयीन मुलांना दालनामागून दालन फिरवले की ती पंधरा मिनिटांत कंटाळतात, पण निवड त्यांच्या हाती दिली की ती आपणहून थांबतात. हाच नियम आम्ही पुढे तिथेही पाळला.

खाण्याच्या सामानाबाबत एक नियम आधीच माहीत हवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, श्रीखंड, खव्याची मिठाई हे सगळे घरीच ठेवावे. लहान मुलांची दुधाची पावडर आणि त्यांचे डबाबंद अन्न यांना दोन किलोपर्यंत सूट आहे, मात्र ते कंपनीच्या बंद डब्यात हवे आणि उघडण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवावे लागणारे नको. ताज्या मिरच्या, कढीपत्ता आणि आंबेही नेऊ नयेत. आम्ही मेतकूट, भाजणी, खाकरे, लीलो चेवडो आणि इंडक्शनवर चालणारा छोटा कुकर नेला. तांदूळ आणि डाळ तिथे सहज मिळते. साधे दही 'नाटुरयोगुर्ट' नावाने आणि ताकाच्या जवळपास जाणारे 'बुटरमिल्श' कोणत्याही किराणा दुकानात मिळते. रोज संध्याकाळी साडेपाच-सहाला मऊ खिचडी किंवा दहीभात करून धाकटीला भरवणे, हा दिवसातला न चुकवण्याचा कार्यक्रम होता.

आमची एक चूक झाली, ती टाळता येईल. आम्ही शनिवारी संध्याकाळी उशिरा उतरलो आणि 'दूध सकाळी आणू' असे म्हणून झोपलो. ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकाने बंद असतात. पहाटे साडेचारला धाकटी उठली, सोबतची पावडर एका वाटीपुरती होती आणि इमारतीखालचे दुकान थेट सोमवारी उघडणार होते. मोठ्या रेल्वेस्थानकांतील काही दुकाने रविवारीही चालू असतात. ती उघडण्याच्या वेळी हे एका स्थानकापलीकडच्या प्राटरश्टेर्नला जाऊन दूध घेऊन आले, पण तोवर धाकटीने घर डोक्यावर घेतले होते. शक्य असेल तर मधल्या वारी दिवसाउजेडी उतरावे, आणि शनिवारीच पोहोचणार असाल तर निदान पहिल्या दोन वेळांचे दूध-अन्न बरोबर ठेवावे. औषधांच्या दुकानांचेही तसेच आहे. रविवारी ती बंद असतात, परंतु बंद दुकानाच्या दारावर जवळच्या चालू दुकानाचा पत्ता लावलेला असतो. मुलांच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे तापाच्या औषधाची मात्रा लिहून घ्यावी, ओआरएसची पाकिटे ठेवावीत आणि तिथला रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४ व सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२ सर्वांच्या फोनमध्ये साठवावा.

पहाटेच्या वेळेसाठी शोनब्रुन राजवाड्याची बाग सर्वांत उत्तम. ती सकाळी साडेसहाला उघडते आणि तिला तिकीट नाही. मोठी मुलेही पहिल्या दोन दिवशी बडोद्याच्याच घड्याळावर असतात, त्यामुळे एरवी साडेनऊशिवाय न उठणारा थोरला सकाळी सहाला दात घासून तयार होता. याचा फायदा पहिल्याच सकाळी घ्यावा. यू ४ने शोनब्रुनला उतरून आम्ही टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानदार वास्तूपर्यंत चालत गेलो. पर्यटकांच्या बस यायच्या होत्या, धावणारे चार-दोन स्थानिक लोक सोडले तर बाग रिकामी होती आणि धाकटी रेतीच्या रुंद वाटांवरून मनसोक्त पळाली. त्याच आवारात १७५२ साली महाराणी मारिया थेरेसा हिचा पती सम्राट फ्रान्झ याने स्थापलेले प्राणिसंग्रहालय आहे. आजवर अखंड चालू असलेले ते जगातील सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय होय. नऊला ते उघडल्यावर दीड तास तिथे घालवला आणि साडेदहाला गाडीची पाठ झुकवून साडीचा पडदा सोडला. ती झोपली, तेव्हा मोठ्या दोघांना घेऊन हे राजवाड्यात गेले आणि मी बाकावर बसले. सहा वर्षांच्या मोत्झार्टने १७६२ मध्ये याच राजवाड्यात महाराणीसमोर वादन केले होते, हे मधलीने आधी वाचून ठेवले होते. दोन्ही पालकांनी सगळे पाहिलेच पाहिजे हा हट्ट सोडल्याशिवाय असा प्रवास नीट होत नाही.

दुसऱ्या दिवशी निसर्गेतिहास संग्रहालय ठेवले होते. ते मंगळवारी बंद असते, म्हणून सोमवारीच उरकले. १८८९ साली उघडलेल्या या इमारतीत सुमारे अकरा सेंटिमीटर उंचीची विलेनडॉर्फची व्हीनस ही साधारण २९,५०० वर्षांपूर्वीची चुनखडीची मूर्ती आहे आणि डायनासोरांचे दालनही आहे. समोरच्या, जुळ्या भावासारख्या दिसणाऱ्या इमारतीत कलेतिहास संग्रहालय असून तिथे ब्रॉयगेलचे 'बाबेलचा मनोरा' हे चित्र आणि इजिप्तचा मोठा संग्रह आहे. कमाटीबागेतली ममी पाहिलेल्या थोरल्याला तुलना करायची होती, म्हणून तो मंगळवारी वडिलांबरोबर तिकडे गेला; सोमवारी मधली माझ्याबरोबर इकडे होती. या दोन्ही संग्रहालयांत एकोणीस वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे तासाभरात बाहेर पडले तरी पैसे वाया गेल्याची रुखरुख राहत नाही. जायच्या आधी लिफ्ट आणि बिनपायऱ्यांचे प्रवेशद्वार कुठे आहे ते संकेतस्थळावर पाहून ठेवावे. झोपलेल्या मुलासह गाडी उचलून पायऱ्या चढण्याची वेळ आली, की झोप तिथेच संपते.

दुपारी बारानंतर मात्र काहीही ठरवू नये. जेवण, बाग, घसरगुंडी, आइस्क्रीम इतकेच पुरे. संत स्टीफनच्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या थोरल्याने अशाच एका दुपारी वडिलांबरोबर चढून घेतल्या.

मेट्रोने फिरण्याची जबाबदारी आम्ही पूर्णपणे मोठ्या दोघांकडे दिली होती आणि ती त्यांनी फार नीट सांभाळली. तिथे यू १, यू २, यू ३, यू ४ आणि यू ६ अशा पाच मार्गिका आहेत. यू ५चे काम अजून चालू आहे. स्थानकांत अडवणारी फाटके नाहीत, परंतु तिकिटावर शिक्का मारून घेतला नाही आणि तपासनीस आला, तर शंभराहून अधिक युरो दंड होतो. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्यांना पूर्ण तिकीट लागते. बाबागाडी सरकत्या जिन्यावर न नेता लिफ्टनेच न्यावी. कुठल्या डब्यातून उतरले की लिफ्ट समोर येते, हे थोरला दुसऱ्या दिवसापासून टिपून ठेवू लागला.

संध्याकाळ मोठ्या मुलांची. दोघांपैकी प्रत्येकाला एक संध्याकाळ आणि खर्चाची ठरलेली रक्कम द्यावी, आणि त्यांनी काय निवडले यात बोलू नये. मधलीने संगीताचे संग्रहालय निवडले, जिथे जिन्याच्या पायऱ्या पियानोच्या पट्ट्यांसारख्या वाजतात आणि हातात छडी घेऊन पडद्यावरील वाद्यवृंदाचे संचालन करता येते. आपण छडी फार सावकाश हलवली म्हणून वाद्यवृंदाने वाजवणे थांबवून तक्रार केली, हे ती घरी येऊन अंधाऱ्या खोलीबाहेर कुजबुजत सांगत होती. थोरल्याला प्राटर या मनोरंजन उद्यानातले उंच चक्र हवे होते. १८९७ मध्ये उभारलेले, सुमारे ६५ मीटर उंचीचे हे चक्र १९४४ मध्ये जळाले आणि पुन्हा बांधताना त्याला तीसऐवजी पंधराच डबे लावले गेले. डबे बंद आणि मोठे असून चक्र अगदी हळू फिरते, त्यामुळे मंगळवारी तिथे आम्ही धाकटीलाही नेले, मात्र दुपारी. प्राटरमध्ये शिरायला तिकीट नाही, प्रत्येक पाळण्याचे वेगळे असते. म्हणून पैसे आधीच मोजून मुलांच्या हाती द्यावेत.

बाहेर खाताना अंडे न खाणाऱ्यांनी विशेष विचारणा करावी. काइझरश्मार्न हा गोड पदार्थ पाहून मुलांना मोह होतो, परंतु त्यात अंडी असतात, आणि भाज्यांचे दिसणारे सूप पुष्कळदा गोमांसाच्या पाण्यात शिजवलेले असते. 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय आणि 'ओने आय' म्हणजे अंड्याशिवाय, हे शब्द मुलांना पाठ करायला लावावेत. वेष्टनावर 'वेगान' (vegan) असेल तर त्यात अंडेही नाही आणि दूधही नाही, असे समजावे. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत. आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी १८७३ पासून नळाने व्हिएन्नात येते आणि ते चवीला उत्तम असते.

परतीचे विमान बुधवारी दुपारचे होते. सकाळ मुद्दाम रिकामी ठेवली होती, तरी कपडे वाळायला, उरलेले तांदूळ शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्यांना द्यायला आणि चिमटे मोजून घ्यायला ती कशीबशी पुरली. गुरुवारी दुपारी आम्ही बडोद्याला पोहोचलो. मोठी दोघे नंतर दोन दिवस पेंगत होती. धाकटी मात्र त्याच रात्री साडेदहाला आपल्या आपण झोपली आणि सकाळी सव्वासातला उठून तिने दूध मागितले.